पिवळीची थरथर

“मग मी काय करायचं, अण्णा?”

अण्णा स्पार्क प्लग पुसत होते. पुसतच राहिले.

“पिवळी माझी आहे.”

“पिवळी क्लबची आहे,” अण्णा म्हणाले. “आणि पावसाळा सरल्यापासनं थरथरतीय. आज निशांतला बघू दे.”

“आणि मी?”

“तू चहा घे.”

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या माणसाच्या हाताखाली राबल्यावर हे ऐकायचं! चहा घे!

माणदेशातल्या एका माळावर ही धावपट्टी होती. कडेला पत्र्याचा हँगर, आत विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबची दोन-तीन लहान विमानं, आणि त्या विमानांची नाडी ओळखणारे नेमिनाथ उपाध्ये. त्यांना सगळे अण्णा म्हणत. विमान वर जायच्या आधी कागदावर अण्णांची सही लागायची. ती एकदा झाली की वैमानिक पुढे काही विचारत नसत.

शालन कारंडे ही त्यांची शिष्या. आली तेव्हा अण्णांनी तिच्या हातात झाडू दिला. पुढे पाने पुसायला दिले. पाना धरायला मिळाला तो बऱ्याच उशिरा. मग तिनं परीक्षा दिल्या, लायसन्स काढलं, आणि आता अण्णांच्या खालोखाल हँगरमध्ये तिचाच शब्द चालत होता.

निशांत लोखंडे उन्हाळ्यात आला. मोठ्या विमान कंपनीच्या हँगरमध्ये काम केलेला, हसऱ्या तोंडाचा. अण्णांकडे शिकायचं म्हणून पगारावर पाणी सोडून आला होता. अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याच्या हातात पाना दिला.

शालन बाकी सगळं विसरली असती. ते मात्र विसरली नाही.

आणि त्यात आजचा दिवस. अण्णा महिनाअखेर काम सोडणार होते. त्यांच्या जागी कोण, ते नाव विचारायला क्लबचे सेक्रेटरी सकाळी जीप घेऊन आले होते. दोघं हँगरच्या मागं जाऊन बोलले. जीप गेली, आणि लगेच अण्णांनी पिवळी निशांतच्या हवाली केली. शालननं मनाशी काय ते ओळखलं.

“सेक्रेटरींना नाव दिलंत?” तिनं विचारलं.

“दिलं.”

“कुणाचं?”

अण्णांनी प्लग उजेडात धरला. एक डोळा बारीक केला.

“काजळी आहे अजून,” म्हणाले, आणि पुन्हा पुसायला लागले.

...

पिवळी म्हणजे दोन माणसांचं विमान. पोटावर पिवळा पट्टा, म्हणून पिवळी. पावसाळ्यात उड्डाणं बंद असतात. तेवढ्या दिवसांत शालननं तिचं नखशिखांत काम केलं होतं. मुदत संपलेले रबरी पाइप बदलले, वायरी नव्यानं बांधल्या, तेल बदललं. उघडीप झाली, उड्डाणं सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात शिकाऊ पोरं तक्रार करायला लागली. पेडलवर पाय ठेवला की तळव्याला मुंग्या येतात. सीट थरथरते. खाली उतरून चालायला लागलं तरी पाय आपला वाटत नाही.

शालननं प्लग बदलले. थरथर होतीच.

पंखा काढला, तोलून आणला, पुन्हा बसवला. थरथर होतीच.

विमानाचं इंजिन सांगाड्याला थेट बसवत नाहीत. मधे जाड रबरी गाद्या असतात. इंजिन त्यांच्यावर डुलतं आणि आपली थरथर त्यांच्यातच जिरवतं. शालननं त्या गाद्यासुद्धा नव्या घातल्या. थरथर जशीच्या तशी. शेवटी तिनं हात टेकले. पण हात टेकले हे तोंडानं कबूल करणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या हातात पाना गेलेला बघणं वेगळं.

तिनं चहा घेतला नाही. हँगरच्या दारातल्या खांबाला टेकून ती उभी राहिली आणि निशांतकडं बघत राहिली.

मत्सर माणसाला बसू देत नाही. दुसरं काम होतं की तिला! लाल विमानाचं चाक उघडून ठेवलेलं होतं. पण तिचे डोळे पिवळीवरच. निशांतनं इंजिनावरचं झाकण काढलं, तर हा स्क्रू कुठं ठेवतोय ते ती बघत होती. तो खाली वाकला, तर याला काही सापडू नये असं तिला वाटत होतं. तसं वाटलं म्हणून लाजही वाटली, आणि तरी वाटत राहिलं.

“ताई,” निशांतनं आतूनच हाक मारली, “काय सुंदर बांधलंय हो तुम्ही! एक वायर लोंबत नाही. आमच्याकडं असं काम बघायला मिळत नाही.”

“अण्णांनी शिकवलंय,” ती कोरडेपणानं म्हणाली.

खरं तर अण्णांनी तसं काही शिकवलं नव्हतं. ती तिची स्वतःची खोड. लोंबणारी गोष्ट तिला बघवायची नाही. वायर असो, पाइप असो, खेचून, ताणून, धातूच्या क्लॅम्पमध्ये आवळून गप्प बसवायची. क्लब बघायला येणारे पाहुणे इंजिनात डोकावून वाहवा करत. अण्णा त्या वेळी दुसरीकडं बघत असत.

निशांतनं खिशातून एक लहान यंत्र काढलं. थरथर मोजणारं. ते इंजिनाला चिकटवलं, विमान बाहेर ढकललं, आणि इंजिन चालू केलं. मग बंद करून तेच यंत्र मागच्या पोलादी पडद्याला लावलं. इंजिन पुढं, माणसं मागं, आणि मधे हा पडदा. पुन्हा इंजिन चालू केलं.

उतरला तेव्हा त्याचा चेहरा चमकत होता.

“ताई, गंमत बघा. इंजिन शांत आहे. पडदा थरथरतोय.”

“असं कसं होईल?”

“तेच ना! गाद्या आपलं काम करतायत. पण गाद्यांना वळसा घालून थरथर मागं जातेय. कुठंतरी काहीतरी इंजिनाला आणि सांगाड्याला एकदम टेकलंय.”

शालनला ते टोचलं. हे तिच्या डोक्यात यायला हवं होतं. इतके दिवस ती इंजिनात थरथर शोधत होती, आणि ह्या काल आलेल्या पोरानं दोन वेळा इंजिन चालवून सांगितलं की थरथर इंजिनात नाहीच.

“मग शोध की,” ती म्हणाली.

त्यानं शोधलं. झाकणाची एक कड एक्झॉस्टच्या नळीला घासत होती. घासून तिथं चकाकी आली होती. “सापडलं!” तो ओरडला. कानशीनं ती कड घासायला लागला, आणि मधेच हात धुऊन चहाला गेला. चहा घ्यायला त्याला कुणी सांगायला लागत नव्हतं.

पिवळी उघडी उभी होती. जवळपास कुणी नव्हतं.

शालन खांबापासून निघाली. एवढ्याशा घासण्यानं इतकी थरथर होत नाही, हे तिला कळत होतं. पोराचं चुकलेलं असावं अशी तिची इच्छा होती, आणि ते कुठं चुकलंय ते तिला बघायचं होतं. तिनं पोरानं सांगितलेलाच रस्ता धरला. इंजिनाकडून पडद्याकडं काय काय जातं? एकेका वायरीला बोट लावत गेली. ही सैल आहे... ही सैल आहे...

मग तिचं बोट पेट्रोलच्या पाइपवर आलं.

रबरी पाइप, पडद्यातून निघून इंजिनाला जाणारा. पावसाळ्यात तिनंच नवा घातला होता. तो थोडा लोंबत होता, म्हणून तिनंच खेचून, इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याला क्लॅम्प केला होता. आता तो तारेसारखा ताठ होता. इंजिन डुललं की पाइप ओढला जाणार, पाइप ओढला की पडदा थरथरणार. नव्या गाद्या, तोललेला पंखा, सगळं पाण्यात.

तिनं पाइपच्या खालून हात फिरवला. क्लॅम्पच्या कडेशी बोट ओलं लागलं.

बोटाला निळसर डाग होता. विमानाचं पेट्रोल निळं असतं.

पाइप नुसता थरथर पोचवत नव्हता, तो क्लॅम्पच्या धारेवर चिरत होता.

ती तशीच उभी राहिली.

बोलावं, तर काय बोलावं? अण्णा, इतके दिवस जी थरथर मी शोधत होते ती मीच बांधून ठेवली होती, असं? आणि ते आजच बोलायचं?

गुपचूप सैल करावा, तर पिवळी शांत होणार आणि शाबासकी निशांतला. झाकणाची कड घासली नि थरथर गेली! तो हसणार, अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवणार.

आणि काहीच केलं नाही, तर?

तर पिवळी वर जाऊन थरथरत खाली येईल. चालवणारे कॅप्टन वैतागतील. निशांतचं तोंड उतरेल. उद्या सकाळी ती शांतपणे येईल, पाइप बदलेल, सैल ठेवेल. एका फेरीनं काय होतंय? डाग जुनाही असेल.

डाग जुना नव्हता. ओला होता. ते तिला माहीत होतं.

“ताई!” निशांत परत आला होता. “तुम्ही पण बघितलंत का? काही दिसलं?”

शालननं बोट ओढणीला पुसलं.

“नाही,” ती म्हणाली.

...

हँगरमध्ये अण्णांचा एक दंडक होता. इंजिनाला ज्याचा हात शेवटचा लागला, त्यानं दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला वैमानिकाच्या शेजारी बसायचं. सबब चालत नसे. शालन एकदा तापानं फणफणलेली असताना बसली होती.

निशांतनं झाकण लावलं. जमिनीवर इंजिन चालवून बघितलं. कड घासल्यानं एक बारीकशी खरखर गेली होती, त्यावरच तो खूश होता. कॅप्टन देशिंगकर, मुलांना उडायला शिकवणारे, गॉगल पुसत आले आणि आपल्या जागेवर बसले.

“कोण येतंय?”

“मी, सर!”

निशांतनं पायरीवर पाय ठेवला.

शालन खांबाला टेकून उभी होती. तिनं हाताची घडी घातली होती. तोंड उघडावं असं तिला वाटलं... पण तोंड उघडलं नाही. निशांतनं वळून तिला हात केला. तिनंही हात केला.

तेवढ्यात अण्णा हँगरमधून बाहेर आले. धोतराचा सोगा खोचत, घाई नसलेल्या चालीनं. निशांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उतर.”

“का, अण्णा?”

“तुझं एकट्याचं पहिलंच काम आहे. आज मी बसतो.”

निशांत उतरला. अण्णा चढले. दार बंद झालं.

आता खरं तर शालनचा जीव टांगणीला लागायला हवा होता. पण माणसाचं मन किती विचित्र! तिच्या मनात आधी दुसरंच आलं. माझ्या पहिल्या वेळी नव्हते बसले! तिच्या पहिल्या वेळी अण्णा खाली उभे राहून चहा पीत होते. वैमानिकाशेजारी तीच बसली होती, उतरल्यावर धावपट्टीच्या कडेला ओकली होती, आणि अण्णांनी नुसती पाण्याची बाटली पुढं केली होती. ह्याच्यासाठी मात्र या वयात स्वतः चढायचं. याला येऊन वर्ष नाही झालं धड, आणि...

पिवळी हलली. गवताच्या कडेनं धावपट्टीकडं निघाली. खिडकीतून अण्णांचं पांढरं डोकं दिसत होतं.

तेव्हा तिला कळलं, आत कोण बसलंय.

शालन धावली.

परीक्षा, लायसन्स, इतक्या वर्षांची शिस्त, सगळं मागं राहिलं. चालत्या विमानाच्या समोर जायचं नसतं, फिरता पंखा दिसत नाही, हे तिनंच शंभरदा शिकवलेलं. एवढं एक मात्र तिला आठवलं. ती लांबून, गवतातून वळसा घालून, धापा टाकत धावपट्टीच्या तोंडाशी पोचली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून त्यांची फुली केली. थांबा!

पिवळी थांबली. पंखा फिरतच होता. तिनं हात खाली घेतले नाहीत.

पंखा थांबला.

“काय पोरखेळ आहे हा?” कॅप्टन दार उघडून ओरडले.

“झाकण काढायचंय.”

“आत्ता?”

“आत्ता.”

अण्णा उतरून बाजूला उभे राहिले.

निशांत मागोमाग धावत आला होता, त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. शालननं तो हिसकावून घेतला. एकेक स्क्रू भराभर सोडला. झाकण निघालं. पेट्रोलचा वास आला. तिनं पाइपला खालून बोट लावलं आणि जरा वर उचललं. क्लॅम्पच्या कडेला रबराची चीर उघडली, एक निळा थेंब लोंबला आणि पडला. खाली तापलेला एक्झॉस्टचा नळ होता. थेंब त्याच्या शेजारी, वीतभर अलीकडं पडला.

कॅप्टननी गॉगल काढला.

“हा पाइप मी बांधलाय,” शालन म्हणाली. “पावसाळ्यात. ताणून बांधलाय. थरथर त्याच्यातनंच मागं येतीय. हा पोरगा बरोबर शोधत होता.”

निशांत वाकला. पाइपला बोट लावलं, सरळ झाला, पुन्हा वाकला.

“इथं मी बघितलंच नाही, ताई,” तो म्हणाला. त्याला स्वतःचाच राग आला होता. “सगळीकडं बघितलं. पण इथं तुमचा क्लॅम्प होता ना... म्हणून बघितलं नाही.”

त्यानं शिवी दिली असती तर शालनला सोसली असती.

...

पिवळी हातानं ढकलून परत आणली. नवा पाइप काढला.

“निशांत बसवेल,” अण्णा म्हणाले. “शालन, तू उजेडाला बॅटरी धर.”

तिनं बॅटरी धरली. निशांतनं जुना क्लॅम्प सोडला, तसा पाइप सुटून मागं गेला. नवा पाइप लावताना त्यानं मधे चांगला झोल ठेवला. शालनचे हात शिवशिवले. किती लोंबतंय ते! तिनं बॅटरी घट्ट धरली.

“एवढा ठेवू, ताई?” निशांतनं विचारलं.

तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा आभाळाकडं बघत होते.

“अजून थोडा,” ती म्हणाली.

दुपार कलली होती. इंजिन बराच वेळ चालवून, वाकून वाकून सगळं कोरडं आहे ना ते तिनं पाहिलं, निशांतनं पाहिलं, मग अण्णांनी पाहिलं. दंडक दंडक होता. निशांत चढला. या वेळी अण्णा आडवे आले नाहीत. पिवळी धावपट्टीवरून उठली, बाभळींच्या वरून गेली आणि लांब वळली.

खाली दोघंच उभे होते.

“अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“काय?”

“पाइपचं.”

“पाइपचं नव्हतं.”

शालननं मान खाली घातली. दोघं इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. तो जवळ आला, लांब गेला.

“माझ्या पहिल्या वेळी तुम्ही का नाही बसलात?”

“कुठं?”

“विमानात. माझ्याऐवजी. निशांतच्या वेळी बसलात.”

“तुझ्या कामाची मला भीती वाटली नव्हती.”

हे उत्तर तिला कुठं ठेवावं कळेना. इतकी वर्षं ती ज्याला खाष्टपणा समजत होती... तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, पुसलं तर अण्णांना दिसलं असतं. अण्णांना तसंही दिसत होतं.

“शालन.”

“हं.”

“मघाशी तो पायरीवर पाय ठेवत होता, तेव्हा तू कुठं होतीस?”

“...खांबापाशी.”

“तुला तेव्हा माहीत होतं.”

“होतं.”

“मग मी चढलो. मग तू धावलीस.”

तिनं ओढणीवरचा निळा डाग मुठीत धरला.

“मी चढलो नसतो तर?”

पिवळी माळाच्या टोकाशी वळली होती. उन्हात तिचा पट्टा एकदा लखलखला आणि विझला. शालननं सांगायला तोंड उघडलं. धावलेच असते, अण्णा. शब्द तोंडाशी आले होते, बोलायला सोपे होते, आणि अण्णांनी ते मान्यही केले असते कदाचित. ती घुटमळली. खांबाचं गार लोखंड तिला पाठीला अजून जाणवत होतं. हात केला होता तिनं त्याला. हसूनच केला होता.

चाकं धावपट्टीला टेकली. पिवळी सावकाश हँगरसमोर आली. कॅप्टन देशिंगकर उतरले आणि दोन्ही पाय जमिनीवर आपटून बघितले.

“काय केलंत हो? पेडलवर पाय आहे की नाही ते बघायला खाली वाकावं लागलं!” ते म्हणाले आणि हसत ऑफिसकडं गेले.

निशांत खाली उडी मारून थेट शालनकडं आला. “ताई, नुसतं लोणी! तुम्ही थांबवलं नसतंत तर...” त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि झाकण पुसायचं फडकं आणायला पळाला.

शालन जिथल्या तिथं उभी राहिली. त्याचा हात लागलेला पाय तिला उचलवेना.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं.

“तुम्ही विचारलंत ना. तुम्ही चढला नसता तर मी धावले असते का... मला माहीत नाही, अण्णा. धावले असते असं म्हणायचं होतं. पण माहीत नाही.”

अण्णा हँगरच्या दारात बाकावर बसले. तीही खाली बसली, त्यांच्या पायाशी, जमिनीवर. पहिल्या वर्षी झाडून झालं की बसायची तशी.

“सेक्रेटरींना फोन करा,” ती म्हणाली. “नाव निशांतचंच राहू द्या. मला आता त्याचं वाईट वाटणार नाही.”

“निशांतचं नाव दिलंय असं कुणी सांगितलं?”

तिनं वर बघितलं.

“सकाळी सेक्रेटरींनी विचारलं,” अण्णा म्हणाले, “मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, बरं. गेले.”

सकाळपासून ती ज्याच्यासाठी जळत होती ते तिच्याच नावावर होतं. खांबाला टेकून, बोट ओढणीला पुसून, ‘नाही’ म्हणून, ती स्वतःच्याच जागेसाठी दुसऱ्याला मरायला सोडत होती. तिला रडू आवरेना. ती हमसून हमसून रडली. अण्णांनी रडू दिलं.

“बदला,” ती शेवटी म्हणाली. “अण्णा, ते नाव बदला. कुठलं विमान वर सोडायचं ते मी ठरवायचं? मी? आज मी काय केलं ते तुम्ही बघितलंत. माझी लायकी नाही.”

अण्णांनी ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. खिशातून सहीचं पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“सकाळी जरा घाईच झाली होती माझी...” ते म्हणाले. “आता ते नाव बरोबर आहे.”